पांढरी रेघ

हत्यारं धुवायचं काम त्या घरात भिकाजीशिवाय दुसऱ्या कुणी कधी केलं नव्हतं. खंडेनवमीच्या सकाळी तो रॉकेलचं घमेलं पुढ्यात घेऊन बसायचा आणि लहानातल्या लहान पान्यापासून चाकाच्या टॉमीपर्यंत एकेक हत्यार, मूल न्हाऊ घालावं तसं, धुऊन पुसून गोणपाटावर ओळीनं मांडायचा. त्या दिवशी तो जेवायला बसला तरी हाताला रॉकेलचा वास यायचा, आणि राहीला तो वास कधी नकोसा वाटला नव्हता. चौदाव्या वर्षी ती या घरात आली तेव्हा उंबऱ्यावरचं माप ओलांडताना पहिल्यांदा नाकात शिरला तो हाच वास.

या वर्षी घमेल्यापुढे तिचा मुलगा रघू बसला होता. भिकाजी पडवीच्या भिंतीला पाठ लावून बसला होता, उजवा हात डाव्या हाताखाली दाबून. तो हात आता मोकळा सोडला की आपला आपणच थरथरायचा.

हातखंब्याच्या तिठ्यावर गॅरेज पुढे आणि घर मागे. हमरस्त्यावरून ट्रक चाललेच होते. पूर्वी ओळखीचा प्रत्येक ड्रायव्हर गॅरेजसमोर आला की दोनदा हॉर्न द्यायचा. भिकाजी गाडीखाली असला तरी तिथूनच हात बाहेर काढून हलवायचा. दोन महिने झाले, हॉर्न बंद होते. गाड्या यायच्या, गिअर बदलायच्या आणि गप्प निघून जायच्या.

"दादा, परवा हवालदार येईल," रावजी म्हणाला. भिकाजीचा हा धाकटा भाऊ कालच्या गाडीनं मुंबईहून आला होता. "जबाब एकदाच काय तो द्यायचा. आज सगळी जमलोत, तर ठरवून टाकू."

"ठरवायचं काय त्यात?" भिकाजी म्हणाला. "मला आठवत नाय, हेच सांगणार."

"आठवत नाय म्हणालास तर ते रघ्याला धरतील. गॅरेजात माणसं दोन. एक नाय तर दुसरा. तू वयानं मोठा. डोळ्याला कमी दिसतं, हात हलतो, सगळं समोर हाय. तुला कोण काय करणार हाय? पण ह्या पोरानं आत जायचं म्हणजे..." रावजीनं वाक्य अर्धंच सोडलं आणि दाराकडे बघितलं. दारात सीता उभी होती, रघूची बायको, सातवा महिना लागलेली.

"म्हणून तात्यांनी कबूल करायचं?" तुळसा तांदूळ निवडता निवडता थांबली. ती देवरूखला दिलेली मुलगी. बापासाठी भावाशी भांडायला तिला लहानपणापासून निमित्त लागायचं नाही. "जे आपण केलं का नाय ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नाय, ते कबूल करायचं? काका, गिरणीचा संप झाला तेव्हा तुमची पोरं वर्षभर कुणाच्या हाताकडे बघून जेवत होती? तोच हात आज तुमी हवालदाराच्या पुढ्यात ठेवा म्हणताय."

"तुळशे, तू आता देवरूखची. इथली चूल तुझ्या भावजयीची हाय."

"चूल तिची असू दे. बापूस माझा पण हाय."

"अगो, भांडताय काय सणाच्या दिवशी," राही म्हणाली. ती नारळ सोलत होती. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

रघूनं मान वर केली नव्हती. तो एकच पाना पुनःपुन्हा धूत होता.

घडलं होतं ते इतकंच. नारळी पौर्णिमेनंतर चार दिवसांनी गंगारामचा ट्रक हंगामाची पहिली मासळी घेऊन मिरकरवाड्याच्या बंदरावरून कोल्हापूरला निघाला होता. स्टिअरिंगमध्ये ढिलाई वाटते म्हणून गंगारामनं गाडी गॅरेजात घातली. स्टिअरिंग चाकांना जोडणारी लिंक खोलली, नवा सांधा टाकला, नट आवळला आणि गाडी गेली. आंबा घाटातल्या वळणावर गंगारामनं स्टिअरिंग फिरवलं तेव्हा ते नुसतंच फिरलं. चाकं सरळच राहिली. दुसऱ्या दिवशी दरीतून ट्रक वर काढला, त्यात लिंकचा नट नव्हता. नट सुटू नये म्हणून बोल्टाच्या भोकातून आरपार घालून वाकवतात ती पिनही नव्हती. होती फक्त बोल्टाच्या टोकावर पांढऱ्या रंगाची अर्धी रेघ. उरलेली अर्धी नटाबरोबर दरीत गेली होती.

ती रेघ म्हणजे या घराची सही होती. भिकाजीचा बाप सखाराम कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी दुरुस्त करायचा, लढाईच्या काळात, तेव्हापासूनची. काम पुरं झालं, नट आवळला, पिन मारली, की तो पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेऊन नटापासून बोल्टापर्यंत एक रेघ ओढायचा. ती मोडलेली दिसली की नट हलला असं समजायचं. सखारामचा चुना गेला, भिकाजीचा ऑईलपेंट आला, पण रेघ तीच. घाटात जाणारे ड्रायव्हर गाडीखाली वाकून रेघ बघितल्याशिवाय चावी फिरवत नसत. "तात्यांची रेघ पडली," असं म्हणायचे आणि मगच बिडी पेटवायचे.

दीड वर्षामागं भिकाजीचा हात बिघडला. नट आवळताना हात ठीक असायचा, पण बारीक ब्रश धरला की रेघ वाकडीतिकडी, मुंगीच्या वाटेसारखी पडायची. ड्रायव्हर काही बोलत नसत, नुसते एकमेकांकडे बघत. भिकाजी ते बघायचा आणि जेवायला बसला की भात चिवडत राहायचा.

तेव्हा राहीनंच रघूला विहिरीवर गाठून सांगितलं होतं, "रेघ तू मारत जा. बापसाला कळू देऊ नको. त्याची नजर दुसरीकडे असली की मार."

रघूनं तसं केलं. हळूहळू त्याची रेघ बापासारखीच सरळ पडायला लागली. भिकाजी मागाहून वाकून बघायचा आणि म्हणायचा, "आज बसला हो हात." त्या संध्याकाळी तो चार घास जास्त जेवायचा. राही आणि रघू एकमेकांकडे बघायचे. चोरी करून आल्यासारखा आनंद व्हायचा दोघांना.

आता त्या आनंदाची आठवणही राहीला नको वाटायची. हत्यारांच्या कामात खोटं आपणच आणलं, असं तिला वाटायचं.

कारण तिला सगळं ठाऊक होतं. त्या दिवशी ती चहा घेऊन गॅरेजात गेली होती. बर्फ वितळेल म्हणून गंगाराम हॉर्न देत होता. भिकाजी चक्कर आली म्हणून जुन्या टायरवर डोळे मिटून बसला होता. रघू गाडीखालून सरकत बाहेर आला, डब्यात ब्रश बुडवून पुन्हा आत गेला आणि रेघ मारून आला. चहाचा कप घेताना त्याच्या बोटाला पांढरा रंग होता. गंगाराम वाकला, रेघ बघितली आणि म्हणाला, "झालं! आता कोल्हापूर गाठतो."

तिसऱ्या दिवशी, पुरुषमाणसं गंगारामला मसणात पोचवून आल्यावर, तिनं रघूचा खाकी शर्ट धुवायला घेतला. धोंड्यावर आपटताना खिशात काहीतरी टोचलं. नवीकोरी पिन होती, दोन्ही पाय सरळ, एकदाही न वाकवलेली. त्या घराण्यात रेघ आधी आणि पिन नंतर असं कुणी कधी केलं नव्हतं. रघूनं ते एकदाच केलं होतं, हॉर्न वाजत होता म्हणून.

पिन तिनं फेकली नाही. कुणाला दाखवलीही नाही. कुंकवाच्या करंड्यात तळाशी ठेवून वर कुंकू दाबलं. रोज सकाळी कपाळाला लावताना बोटाला टोक लागायचं.

"वैनी, तू बोल काहीतरी," रावजी म्हणाला. "दादा तुझं ऐकतो."

"माझं कोण ऐकतंय," ती म्हणाली आणि नारळाची शेंडी ओढून काढली.

सीता दारातूनच बोलली. एरवी सासऱ्यासमोर तिचा आवाज निघत नसे. "काका म्हणतात ते मला पटतं असं नाय. पण तात्यानू, ह्यांना दोन महिने झोप नाय. खातात ते ओकून टाकतात. हवालदारानं नुसतं दरडावलं तरी हे भलतंच काहीतरी कबूल करतील."

"भलतंच काय म्हणून?" तुळसानं तिच्याकडे रोखून बघितलं. "कबूल करण्यासारखं काय हाय त्याच्याकडे?"

सीतेनं पोटावर पदर ओढून घेतला. तेव्हा राहीला कळलं की हिलाही ठाऊक आहे. एकाच घरात, एकाच चुलीशी दोघी दोन महिने तेच लपवत होत्या आणि एकमेकींना भाकरी वाढत होत्या.

तेवढ्यात एसटी थांबली. गॅरेजसमोर थांबा नव्हता, पण सगळे कंडक्टर ओळखीचे. एक जण उतरून आला. हातात केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"पालीवरून चिमावैनीनं दिलंय," तो म्हणाला. चिमा म्हणजे गंगारामची बायको. "दर खंडेनवमीला हे हार न्यायचे तात्यांच्या हत्यारांना, रीत मोडायला नको, म्हणाली."

राहीनं पान उघडलं. झेंडूचा हार होता, मध्ये आंब्याची पानं ओवलेली. गंगाराम आणायचा तसाच, लांबीला तेवढाच.

"आणि निरोप हाय," कंडक्टर घुटमळला. "म्हणाली, तात्यांना सांग, आमच्यात कुणाच्या मनात काय नाय. बोल्टावर तात्यांची रेघ होती म्हणतात. रेघ होती म्हणजे काम पुरं झालेलं होतं. मग ती देवाची मर्जी."

डबल बेल वाजली, गाडी गेली. हार राहीच्या हातात तसाच राहिला.

घमेलं उपडं झाल्याचा आवाज आला. रघू उभा राहिला होता. पायाखाली रॉकेल पसरत होतं आणि तो त्यातच उभा होता.

"रेघ माझी होती," तो म्हणाला.

"रघ्या," रावजी उठला.

"रेघ माझी होती. पिन मी मारलीच नाय. खिशात ठेवली, रेघ मारून आलो की घालू म्हटलं, आणि चहा घेतला, आणि तो हॉर्न वाजवत होता, आणि विसरलो. ती बाय हार पाठवते हो! रेघ होती म्हणून हार पाठवते!"

"गप!" रावजीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. "सीते, पुढचं दार लाव. कुणी ऐकलं तर? तुळशे, तू काय ऐकलं नायस."

"ऐकलं मी!" तुळसाच्या मांडीवरचं सूप खाली पडलं. "दोन महिने बापूस भिंतीला टेकून मरतोय आणि तू बघत बसलास? लाज नाय वाटली रे तुला?" पण हे बोलताना तिची नजर सीतेवर गेली. सीता दार लावायला गेली होती ती दारालाच धरून खाली बसली होती. तुळसाचे पुढचे शब्द तोंडातच राहिले. ती उठली, सीतेजवळ गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

भिकाजी हसला.

दोन महिन्यांत त्याला कुणी हसताना बघितलं नव्हतं. "वेडा हाय," तो म्हणाला. "मला वाचवायला बघतोय. अरे, हवालदारानं बोल्ट माझ्या हातात दिला होता. रेघ बघितली मी. एका दमात ओढलेली, सरळ. तशी रेघ पडायला चाळीस वर्षं लागतात, रघ्या. ती तुझी असती तर मला कळलं नसतं?"

"तात्या, दीड वर्ष सगळ्या रेघा मीच मारतोय. तुमचा हात थरथरतो."

"नुसता बसलो की थरथरतो. काम धरलं की थांबतो." भिकाजीनं हात समोर धरला. हात थरथरत होता. त्यानं तो परत डाव्या हाताखाली घेतला. "माझी रेघ मला ओळखता येते. फक्त पिनेचं आठवत नाय. मारली असेल असं वाटतं. हात सवयीनं मारतो ना पिन, डोकं कशाला लागतं त्याला? मारली असेल, दगड लागून तुटली असेल. असं होतं. घाटात काय वाटेल ते होतं."

तो हे रघूला सांगत नव्हता. रोज रात्री अंथरुणावर पडून तो हेच पुटपुटायचा, आणि राही दुसऱ्या कुशीवर वळून ऐकत राहायची. मारली असेल. तुटली असेल. एवढ्यावर तो सकाळी उठत होता, तोंड धूत होता, दोन घास खात होता.

"तात्या, आईला विचारा," रघू रडत म्हणाला. "ती होती तिथं. तिनं बघितलंय. आये, सांग गो!"

सगळे तिच्याकडे वळले.

"राही," भिकाजी म्हणाला. चारचौघांत त्यानं तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. "तू चहा घेऊन आलीस. रंगाचा डबा कुणाच्या हातात होता?"

तिच्या एका हातात हार होता, दुसऱ्या हातात पूजेसाठी आणलेला करंडा. झाकण उघडंच होतं. बोट खाली घातलं असतं तर पिन वर आली असती. तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावर अजून ते हसू होतं, विझायच्या आधीचं. पोराकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत एवढीच आशा होती की कुणीतरी आपल्याला धरून न्यावं. तो परवा हवालदारापुढे सगळं बोलला असता आणि सुटलो म्हणून त्याच रात्री झोपला असता. मग सीतेकडे बघितलं. सीता तिच्याकडे बघतच नव्हती. भुईकडे बघून ओठ हलवत होती.

राहीनं झाकण लावलं.

"तुमच्या हातात होता," ती म्हणाली. "लिंक तुमीच बसवलीत. हा नुसता पाने देत होता."

"आये!" रघू म्हणाला.

"आणि पिन?" भिकाजीनं विचारलं.

तिला हा प्रश्न नको होता. एवढ्यावर भागेल असं तिला वाटलं होतं. पण रघूचं तोंड अजून उघडंच होतं, आणि अर्धवट सोडलं असतं तर तो पुन्हा बोलला असता.

"पिन टायरवर राहिली होती. तुमी बसला होता तिथं. मला मागाहून सापडली."

रावजीनं श्वास सोडला. तुळसा आईकडे बघत होती. लहानपणी खोटं बोलल्याबद्दल याच आईनं तिच्या हातावर तापलेलं उलथनं टेकवलं होतं. तुळसानं सीतेला उठवलं आणि आत घेऊन गेली.

"बघ," भिकाजी रघूला म्हणाला. "सांगत होतो ना." आवाज अगदी साधा होता. मग ते हसू गेलं. एकदम नाही गेलं. पाण्यात मीठ विरघळावं तसं गेलं, आणि राहीला जाताना दिसलं. मारली असेल, तुटली असेल, हे आता त्याला म्हणता येणार नव्हतं. ज्या संशयाला धरून तो दोन महिने उभा होता, तो तिनं काढून घेतला होता.

"परवा सांगतो हवालदाराला," तो रावजीला म्हणाला. "लिहायला तू बस माझ्याजवळ. माझी सही नीट यायची नाय."

रघू घराबाहेर गेला. घराच्या मागच्या बाजूनं त्याच्या ओकाऱ्यांचा आवाज येत राहिला. रावजी पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्यामागं गेला.

पूजा तर व्हायलाच हवी होती. राही गोणपाटापुढे बसली. एकेका हत्याराला हळद लावली, कुंकू लावलं. प्रत्येक वेळी करंड्यात बोटाला टोक लागत होतं. मधल्या मोठ्या पान्याशी ती आली, मूठ गुळगुळीत झालेला, आधी सखारामचा आणि मग भिकाजीचा पाना.

"तो तेवढा सोड," भिकाजी म्हणाला.

"असं काय करता? सासऱ्यांच्या हातचा."

"म्हणूनच. त्याला नको लावू."

तिनं तो सोडला. मांडलेली हत्यारं दसऱ्यापर्यंत उचलायची नसतात, म्हणून तो कोराच त्या ओळीत राहिला. चिमाचा हार तिनं सगळ्यांवरून आडवा घातला, तो त्याच्यावरूनही गेला.

भिकाजी उठला. भिंत धरत गॅरेजच्या कोपऱ्यात गेला. तिथं काम संपल्यावर हात धुवायची जागा होती. डब्यात लाकडाचा भुसा, पत्र्याच्या झाकणात साबणाची वडी. त्यानं मूठभर भुसा घेतला आणि हात चोळायला लागला, ग्रीस निघायला चोळतात तसे, नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, मनगटापर्यंत. राही तांब्या घेऊन मागोमाग गेली. पाणी ओतत राहिली. त्यानं साबण लावला, पुन्हा भुसा घेतला. उन्हात हात वरखाली करून बघितले. दोन महिने ते हात एकाही गाडीला लागले नव्हते. तळवे बामणासारखे पांढरे पडले होते.

"गेलं का गो?" त्यानं विचारलं. "मला नीट दिसत नाय."

"गेलं," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा भुसा घेतला. ती पाणी ओतत राहिली.